पोकळ भिंत

अहो,

पत्र टाकायला तुमचा पत्ता उरला नाही, तरी घराचं आधी तुम्हालाच सांगायचं.

लेकीच्या शेजारचा फ्लॅट विकायला निघालाय. छताला ओल आहे, फरशी उखडलीय. त्याच पैशात शहराबाहेर नवंकोरं घर मिळतंय. आज लेकीशेजारचा फ्लॅट बघताना, तुम्ही वाजवायचात तशा मी बोटाने भिंती वाजवत फिरले. एजंट हसला, "काकू, भिंत काय ओ देणार आहे?"

लेकीकडची भिंत अगदीच पोकळ वाजली. तुम्ही तिथूनच परत फिरला असता. मीही चपला घालायला वळले.

तेवढ्यात पलीकडून तशीच टकटक झाली. "आई, घर बघून झालं की चहाला ये."

एजंटला म्हटलं, ओल काढून घेईन. ही भिंत मात्र अशीच राहू दे.

तुमचीच,
मी