तुमची बाजू मांडायची राहिली

प्रिय अप्पा,

काल घरी जाऊन आईला मी वादात हरवलं, म्हणून हे पत्र.

मुरुडचं आपलं भांड्यांचं दुकान बंद करून तिने माझ्याकडे नांदेडला यावं, असा विषय होता. मी मुद्दे काढले. तिचे गुडघे, तिचं एकटीनं राहणं, माझी रिकामी पडलेली दुसरी खोली. प्रत्येक मुद्द्याला आधार होता. ती मध्ये काहीतरी बोलायला गेली, तर तिचं वाक्य संपायच्या आत माझं उत्तर तयार. शेवटी ताटं उचलत ती म्हणाली, "तू म्हणतीस तर तसं."

अप्पा, हे वाक्य तुमचं आहे! लातूरच्या दवाखान्यात तुम्ही हेच म्हणाला होतात, याच आवाजात. तेव्हा मला तो होकार वाटला होता. काल ते वाक्य पहिल्यांदा नीट ऐकू आलं. रात्रीच नांदेडला परतले, पण आज मी कामावर गेले नाही.

माझा तो तत्त्वज्ञानाचा विषय आठवतो ना? इलेक्ट्रिकलच्या मुलांना दुसऱ्या शाखेचा एक विषय घ्यावाच लागायचा. मी तत्त्वज्ञान घेतलं, कारण त्याचा तास माझ्या प्रॅक्टिकलच्या आड येत नव्हता. एवढंच कारण. तुम्ही मात्र गिऱ्हाइकांना सांगत सुटला होतात, "पोरगी इंजिनिअर होऊन राहिली, अन् वरून तत्त्वज्ञान बी!" जणू पातेल्यावर झाकण फुकट मिळालं होतं.

सुट्टीत घरी आले की मी तुमच्या बोलण्यातले दोष काढायची. "अप्पा, एका उदाहरणावरून नियम करू नका." "अप्पा, जे सिद्ध करायचंय तेच तुम्ही आधी धरून चाललात." तुम्ही हसायचात. शेजारच्या दुकानदाराला सांगायचात, "आता आमच्या घरात बोलायला बी लायसन लागतंय." किती कौतुकानं सांगायचात! ते कौतुक म्हणजे मी बरोबर असल्याचा पुरावा, असं मी धरून चालले. हा दोष मला का दिसला नाही?

त्या विषयातली मुख्य गोष्ट मी घरी कधी आणलीच नाही.

आमच्या मॅडमचा एक नियम होता. कुणाचं म्हणणं खोडायचं असेल, तर आधी त्याची बाजू तुम्ही मांडायची. तिला पूर्वपक्ष म्हणतात. ती इतकी नीट मांडायची की त्याने स्वतः म्हणावं, हो, हेच माझं म्हणणं. तोवर तुमची पाळी नाही.

वर्गात सगळ्या शाखांची मुलं होती. इतिहास शिकणारा हदगावचा एक मुलगा म्हणाला, कधी कधी खोटं बोलणं हे कर्तव्य असतं. मी खोडायला उभी राहिले.

"तुझं म्हणणं असं की खोटं फायद्याचं असतं."

"न्हाई."

"खोट्यानं कुणाचं नुकसान होत नाही."

"न्हाई ना, इंजिनिअरबाई. तू तुझंच बोलून राहिलीस, माझं नाव लावून."

वर्ग हसला. मॅडमही हसल्या, म्हणाल्या, "परत मांड." माझे कान तापले. मी चिडून विचारलं, "मग असं कधी झालं तुझ्यासोबत?" तेव्हा त्याने सांगितलं. त्याचा चुलता वारला, ते अंथरुणावरच्या आजीला कुणी कळवलं नव्हतं. ती रोज विचारायची आणि हा रोज सांगायचा, येऊन राहिलाय. मग मी त्याची बाजू मांडली. ऐकणाऱ्याला खरं पेलणार नसेल, तर ते एकट्यानं वाहायचं काम बोलणाऱ्याचं.

"हाव," तो म्हणाला. "आता खोड."

मी खोडलं. पण आधीचा जोर राहिला नव्हता.

परीक्षेत पूर्वपक्षाच्या प्रश्नाला मला वर्गात सर्वांत जास्त गुण होते. हे लिहिताना लाज वाटते, अप्पा.

कारण त्यानंतर लातूर आलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं ऑपरेशन लवकर करू. तुम्ही म्हणालात, "श्रावण जाऊ दे, मग बघू." मी खाटेजवळच्या स्टुलावर बसून तुमची एकेक अडचण निकालात काढली. श्रावणाचा आणि हृदयाच्या नळ्यांचा संबंध नाही. दुकान आई बघेल. तुम्ही म्हणालात, "तसं न्हवं माय, मला काय म्हणायचंय..." आणि मी म्हटलं, "अप्पा, हा मुद्दाच होऊ शकत नाही."

मुद्दा ऐकायच्या आधी!

तुम्ही पांघरूण सारखं केलंत. "तू म्हणतीस तर तसं." ऑपरेशननंतर तुम्ही घरी आला नाहीत.

मला नेमकं लिहायचं आहे. ऑपरेशन चुकलं असं मी म्हणत नाही. सल्ला योग्य होता, आजही मी तोच मानीन. थांबला असतात तर वाचला असतात, याला काही आधार नाही. माझी लाज वेगळी आहे. शरीर तुमचं होतं, आणि त्याबद्दलचं तुमचं वाक्य मी पुरं होऊ दिलं नाही.

कामावर मी ट्रान्सफॉर्मर तपासते. मीटरचा काटा हलला नाही म्हणून मी शून्य लिहीत नाही. आधी वायर जोडलेली आहे का ते बघते. मग तुमच्या गप्प बसण्यापुढे मी 'मान्य' कसं लिहिलं?

सकाळपासून तुमची बाजू मांडून बघते आहे. ऑपरेशनसाठी गळ्यातलं इष्टलिंग उतरवावं लागणार, हे सलत होतं का? त्या सकाळी तुम्ही ते पांढऱ्या कापडात गुंडाळून आईच्या हातात दिलंत, तेव्हा माझ्याकडे बघितलंही नाहीत. की एकदा दुकानात बसून आईला सगळं समजावून द्यायचं होतं? की नुसती भीती वाटत होती, आणि मुलीसमोर भीती म्हणण्यापेक्षा श्रावण म्हणणं सोपं होतं? तिन्ही जुळतात. पण 'हाव' म्हणायला तुम्ही कुठे आहात?

आणि तुम्ही तरी! एका तांब्याच्या भावावरून गिऱ्हाइकापुढे हटत नव्हतात, माझ्यापुढे लगेच कसे हटलात? एकदा ओरडायचं होतं माझ्यावर. पण या रागामागे मला लपायचं नाही.

मघाशी आईला फोन केला. म्हटलं, "काल मी तुझं ऐकलंच नाही. दुकान का ठेवायचंय तुला?"

"ठेवायचंय असं कुठं म्हणले मी?"

मी गडबडले. "मग?"

"दुकान बंदच करायचंय मला. पण नांदेडला न्हाई यायचं."

"मग काय करणार आहेस?"

"ते फोनवर न्हाई. लई लांबण हाय. अन् तू मधी बोलतीस."

शनिवारी मुरुडला जाते आहे, अप्पा. तिचं म्हणणं मी तिच्यापुढे मांडीन. चुकेन, ती 'न्हाई' म्हणेल, मी परत मांडीन. ती 'हाव' म्हणेपर्यंत माझा एकही मुद्दा काढणार नाही, हे वचन. त्यानंतर माझी पाळी येते की नाही, ते तिने ठरवायचं.

तुमची,
गिरिजा