दुसऱ्या शनिवारचा पत्ता

प्रिय अविनाश,

दुपारी निखिलचा फोन येऊन गेला. उद्या त्याला उत्तर द्यायचं आहे आणि ते तुला आवडणार नाही. म्हणून त्याच्याआधी तुला लिहिते आहे.

तुमचा मीटअप आता तो चालवतो, आणि त्याला त्याची वेबसाइट हवी आहे. "वहिनी, डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, अजून दादांच्या नावावरच आहे. तेवढं माझ्याकडे ट्रान्सफर करून द्या. कसं करायचं ते मी फोनवर सांगतो." मग म्हणाला, "आणि शनिवारी तुम्ही यायचंच. दादांच्या फोटोला हार तुमच्या हातूनच घालायचाय."

तू जाऊन वर्ष होत आलं. आत्ता आठवला त्यांना हार?

महिन्याचा दुसरा शनिवार कधी आपला नव्हताच. माझ्या भाचीचं लग्न निघालं तेव्हाही तू आधी वार विचारलास. गंगापूर रोडवरच्या क्लासची ती रिकामी खोली, भिंतीला टेकवलेले बाक, गोल करून बसलेले तुम्ही वेबसाइटवेडे लोक आणि मी आणलेला चहाचा थर्मास. तुमच्या बोलण्यातलं निम्मं मला कळायचं नाही, पण तुझा नियम कळायचा. ओळख करून देताना कंपनीचं नाव घ्यायचं नाही, या महिन्यात आपल्या हातून काय बिघडलं ते सांगायचं.

अंबडहून येणारा तो जाडा मुलगा आठवतो? "मी चुकून सगळ्या ग्राहकांना 'टेस्ट, टेस्ट' असा मेल पाठवला," म्हणाला. कुणीतरी विचारलं, "मग?" तर म्हणे, "एकाने उत्तर दिलं, पास." इतका हसलास तू की चहा शर्टावर.

आणि पेठची वैशाली. गावातल्या बायकांचे नागलीचे पापड विकायला तिने साइट केली होती. "सर, बटन दाबलं तरी काय होतच नाय," एवढंच म्हणाली आणि मान खाली घातली. अंधार पडेपर्यंत सगळे तिच्याच स्क्रीनभोवती बसले होते. निखिलही होता. शेवटची बस चुकली म्हणून ती रात्री आपल्याकडे राहिली.

मग तू आजारी पडलास. हॉस्पिटलच्या खाटेवर मांडीवर लॅपटॉप घेऊन कुणाच्या तरी शंकांना उत्तरं देत होतास. मी म्हटलं, "अरे, झोप ना जरा." तर म्हणालास, "अडलाय गं तो." तू अडलास तेव्हा कितीजण आले, अविनाश? वैशाली आली, आणि तो अंबडचा. बाकीच्यांनी ग्रुपवर हात जोडले.

हे तुला आजवर सांगितलं नाही, पण खरा घाव तू गेल्यावर बसला. मीटअपच्या आदल्या दिवशी आपोआप जाणारा निरोप तू कधीचा लावून ठेवला होतास. तुझा तेरावा झाला, आणि पुढच्याच आठवड्यात तुझ्या नावाने ग्रुपवर आलं, "उद्या भेटू. मी वाट पाहतोय." तुझा फोन माझ्याच हातात होता. एकामागून एक अंगठे आले. निखिलने लिहिलं, "येतोय दादा." कुणाच्या लक्षातही आलं नाही. मग कुणाला तरी आठवलं असावं, कारण भराभर सगळं पुसलं गेलं. त्या दिवशी कुणी मला फोन केला नाही. लाज वाटली असेल म्हणतोस? मला तेवढीही खात्री नाही.

आता मीटअप हॉटेलात असतो. परवा वैशालीचा फोन आला. "काकू, नाव नोंदवायला कंपनी आणि हुद्दा टाकल्याशिवाय पुढं जातच नाय. मी काय टाकू?" आज निखिलला तेच विचारलं. "वहिनी, स्पॉन्सर आलेत ना, क्राउड जरा फिल्टर करावा लागतो." मी म्हटलं, "आणि फोटो अविनाशचा?" तर म्हणाला, "दादांना आनंदच झाला असता."

झाला नसता. पण डोमेन तू देऊन टाकलं असतंस, हे मला पक्कं ठाऊक आहे. "घेऊ दे गं, त्यांचंच आहे," म्हणून मोकळा झाला असतास. नाही म्हणणं तुला कधी जमलंच नाही. ते काम नेहमी माझ्याकडे यायचं, आणि वाईट मी व्हायचे. म्हणून हे तुला विचारत नाहीये, कळवते आहे.

मी देणार नाही. हार घालायला जाणार नाही, आणि तुझा फोटोही लावू देणार नाही. ते दुसरं नाव घेतील आणि त्यांचं काही अडणार नाही, तेही मला कळतं. वैशालीलाही यातून काही मिळणार नाही. तो मीटअप मला चालवता येत नाही, आणि तुझ्यासारखा जीव लावायची ताकद माझ्यात उरलेली नाही.

पण एक वचन देते. मी आहे तोवर त्या पत्त्याची मुदत दर वर्षी वाढवत राहीन. तिथे काही नसेल. तुझं नाव घेऊन कुणाला दाराबाहेर ठेवायला तो पत्ता कुणाच्या हाती लागणार नाही, एवढंच.

रागावलास तरी चालेल.

तुझी,
मेधा