पिस्तुलाच्या कपाळावरचा टिळा

आण्णा, काल मी पिस्तूल उडवलं. हवं तर दोनदा वाचा. तिसरीतनं काढून चुलीपुढे बसवलेल्या तुमच्या मुलीने. बार असा दणकून निघाला की पलीकडच्या कुरणातल्या मेंढ्या उधळल्या. न्यूझीलंडात मेंढ्यांना तोटा नाही म्हणा.

मुलगा-सून नोकरीला, म्हणून आम्ही इथे पापाटोएटो नावाच्या उपनगरात राहतो. इथला भाजीवाला कढीपत्त्याची चार पानं देताना आपल्यावर उपकार केल्यासारखं बघतो, पण ते असो. शेजारी एक गोरे आजोबा आहेत. परवा अंगणात ते पणजोबांचं पिस्तूल पुसत बसले होते. ठासणीचं, थेट तुमच्या पिस्तुलासारखं. तोंडातून दारू भरायची, गोळी गजाने ठासायची, मागे तांब्याची टोपी बसवायची. घोडा पडला की टोपी वाजते आणि तिच्याखालच्या बारीक भोकातून ठिणगी आत जाते. कुंपणावरून बघताना ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. सुनेला म्हटलं, विचार त्यांना, मला उडवू देतील का. मुलगा म्हणाला, "आई, जिना चढताना गुडघे धरतेस, ते बघ आधी." सून म्हणाली, "अरे, पिस्तूल गुडघ्याने उडवतात का?" गुणाची आहे हो.

मला ती खंडेनवमी अजून दिसते. पाटावर पिस्तूल आहे. तुम्ही तेलात कुंकू कालवून घोड्याखाली, टोपी बसते नेमक्या तिथेच, टिळा लावताय. "हे पिस्तुलाचं कपाळ," म्हणताय. झेंडूचं फूल घसरतं, मी ते उचलून परत वर ठेवते. एवढंच. दुसऱ्या दिवशी शिलंगणाला सगळ्या गावासमोर तुम्ही चाप ओढता. टोपी टचकन वाजते आणि पुढे काहीच नाही. लोक हसतात. त्याआधीही ते कधी वाजायचं, कधी नाही, पण त्या वर्षी तुम्हाला कारण सापडलं. घरी येऊन माझ्या गालावर ठेवून दिलीत. "पोरीचा हात लागला. हिच्या हाताला यश नाही."

हे शब्द माझ्याआधी सासरी पोचले. शाळेत जाऊन ही काय दिवे लावणार म्हणून शाळा तर आधीच बंद केली होतीत. सासूबाईंनी मला लोणच्याच्या बरणीला हात लावू दिला नाही, विरजणसुद्धा जाऊबाई लावायच्या. आणि मी सासरी गेले त्या वर्षीही तुमचा बार फुसकाच गेला ना? आईने सांगितलं मला. तुम्ही म्हणालात, तिची सावली राहिलीय घरात. वा आण्णा! मी तिकडे भाकऱ्या थापतेय आणि माझी सावली इकडे तुमचं पिस्तूल बिघडवतेय.

तर काल आजोबांनी आम्हाला त्यांच्या पिस्तूल क्लबात नेलं. तिथे जँडल, म्हणजे रबरी चपला, चालत नाहीत म्हणून नऊवारीखाली मुलाचे बूट घातले. आजोबा पिस्तूल टेबलावर ठेवून बाराच्या आवाजासाठी कानाला लावायचं आणायला गेले. आता दसऱ्याचे दिवस, शस्त्राला तसाच हात कसा लावायचा? पिशवीत कुंकू होतं, केसांच्या तेलाची बाटली होती. लावला टिळा. कपाळावरच, तुम्ही लावायचात तसा. आजोबा येऊन म्हणाले, "हे काय, टोमॅटो सॉस?" हसत वरवर पुसलं, दारू ठासली, टोपी चढवली. आजोबांनी सांगितलं, हे डावीकडे मारतं, म्हणून जरा उजवीकडे धरायचं, आणि चाप मुलखाचा जड. मी धरलं, ओढला. टच. पुढे काही नाही.

आजोबा ओरडले, "खाली करू नका!" कधीकधी बार उशिरा होतो म्हणे. बराच वेळ माझं मनगट धरून उभे राहिले. मग टोपी काढून बारीक तार भोकात घातली, तर लाल लगदा बाहेर आला. सून म्हणाली, "आई, ते म्हणतायत, इथे तेल कधीच लावायचं नसतं. भोक बुजतं, दारू भिजते. ठिणगी जाणार कुठून?"

मी हसायला लागले ते थांबेचना. सून घाबरून पाणी घेऊन आली. तुमच्या हाताने, आण्णा! दर खंडेनवमीला तुम्ही स्वतः, चांगलं दाबून. गावाने हसावं याची तयारी आदल्या दिवशी पाटावर बसून करायचात आणि मार मी खायचा.

आजोबांनी कोरडी दारू घातली, नवी टोपी दिली. या खेपेला मी कुंकू माझ्याच कपाळाला लावलं आणि चाप ओढला. धूर, दणका, आणि निशाणाच्या कागदाच्या कोपऱ्यात भोक! सुनेने फोटो काढलाय. तो बैठकीत लावणार आहे, मुलगा काही म्हणो. तुमचा फोटो तिथून काढून कपड्यांच्या कपाटावर ठेवलाय, तोंड भिंतीकडे करून. बसा काही दिवस तसेच. आणि सकाळी लिंबाचं लोणचं घातलं. बरणी मी भरली, मीठ मी टाकलं, कोणाला शिवू दिली नाही.

हे पत्र त्या बरणीखाली ठेवते, तुमच्याकडे टपाल जात नाही. फक्त एक सांगते, सुनेलाही सांगितलेलं नाही. पहिल्यांदा नुसती टोपी वाजली ना, तेव्हा उजव्या हातात पिस्तूल होतं आणि डावा हात आपोआप गालावर गेला होता.