गच्चीवरचे पिल्लू

कैरो, १२ एप्रिल १९६६

प्रिय बहिय्याताईस धाकट्या नबविय्याचा सलाम वि. वि.

वाळवलेली मुलुखियाची भाजी, भाजलेले हरभरे व तुपाचा डबा पोचला. हमाल तीन पियास्तर मागत होता, दोनांत मिटवले. तूप अल्लाच्या कृपेने सांडले नाही.

आता आपल्या अवातिफच्या सोयरिकीचे. मुलगा हिल्मी गुणी, पण त्याचे वडील सिनेमात खलनायक, म्हणून भाऊजी म्हणतात, खुन्याच्या घरी मुलगी देणार नाही. तू चौकशी करायला सांगितलीस. म्हणून आधी त्या वडिलांचा, शफीक किंदीलांचा, तो दहा वर्षांपूर्वीचा कबुतरवाल्याचा सिनेमा पाहिला; ईदपासून पुन्हा लागला आहे. दुपारचा नमाज आटोपून गेले, सर्वांत पुढचे, स्वस्त तिकीट काढून.

ताई, काय सांगू! गच्चीवर कबुतरे पाळणारा एकलकोंडा माणूस. आईवेगळ्या पिल्लाला तो दाणे चावून आपल्या ओठांतून भरवतो. शेजारची मुलगी त्याला हसते तेव्हा मलाच तिला दोन शब्द सुनवावेसे वाटले. मग पिल्लाला कुरवाळता कुरवाळता तो तिच्याकडे नुसता पाहतो, आणि अंगठा पिल्लाच्या मानेवर थांबतो. दाबत नाही, उचलतही नाही. पुढे त्याच हातांनी तो तिचा जीव घेतो. माझ्यासोबत आलेली उम्म फारूक त्याला शिव्या घालत होती आणि त्याच्यासाठीच डोळे पुसत होती. दया येते म्हणूनच भीती जास्त वाटते. एका चेहऱ्याला देवाने एवढे दिले तरी कसे!

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले. त्यांची बायको म्हणाली, कोळीण अजून यांना मासे देत नाही, आधी सिनेमातल्या त्या पोरीची माफी माग म्हणते. इतक्यात ते स्वतःच सरबत घेऊन आले. पेला पुढे केला आणि माझा हात आपोआप मागे गेला. मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्यांनी ते पाहिले. पेला मेजावर ठेवून पार दाराशी जाऊन बसले नि बायकोला म्हणाले, तूच दे गं, सरबत गोड आहे, आंबट माझे तोंड आहे. गॅलरीतून एक म्हातारे कबुतर खुरडत आले आणि त्यांच्या चपलेवर बसले. घरात पक्षी म्हणजे रोजचे झाडणे, पण असो. दुसऱ्याची भीती इतकी जपणाऱ्या घरात मुलगी सुखात राहील. माझा कौल होकाराचा. भाऊजींना एकदा सिनेमा दाखव.

माया आहेच, आटू देऊ नकोस.

तुझी नबविय्या

तंता, १७ एप्रिल १९६६

चि. नबविय्यास अ. उ. आ.

पत्र ऐकून हे म्हणाले, तुझ्या बहिणीला पेलाभर सरबतात फितवली. तरी सिनेमाला गेले, नकार पक्का करायला. परतले ते डोक्यावरची तरबूश टोपी हातात धरून. जेवायला बसेनात. अवातिफने विचारले, बाबा, भेटला का तुमचा खुनी? तर म्हणाले, गप्प बस कारटे. पोलीस त्याला नेत होते तेव्हा धावत जाऊन त्याचा हात धरावासा वाटला, आणि त्याच हाताची भीतीही वाटली. आयुष्यभर कापूस पारखला, पण असा दोन्हीकडे ओढणारा धागा कधी हाती लागला नाही.

शुक्रवारी फातिहा वाचून सोयरीक पक्की करायला तयार आहेत. मी बदक सांगून ठेवले आहे. पण यांची एक अट. शेवटी गच्चीवर चोच वासून एकटे राहिलेल्या त्या पिल्लाचे पुढे काय झाले, ते किंदीलसाहेबांना विचारायचे. मी म्हटले, अहो, ती दहा वर्षांपूर्वीची गोष्ट! तर म्हणतात, तोंडचा घास भरवून जो चित्रण संपताच पिल्लू तिथेच टाकून घरी गेला असेल, त्याच्या दारी माझी मुलगी जाणार नाही.

सर्वांना प्रेम सांग. आणि बाई, पिल्लाचे तेवढे उलट टपाली कळव.

तुझी ताई,
बहिय्या