योमेनाकीचा शेवटचा शिक्का

कुरेसावा, ९ नोव्हेंबर

ती. फुसाए वहिनींना किसाबुरोचा वाकून नमस्कार.

पत्राची सुरुवात ऋतूनं करायची ही आपल्याकडची रीत, म्हणून करतो. डोंगर वरून लाल व्हायला लागला आहे. सूर्य सकाळी दहाला तोंड दाखवतो आणि तीनला निघून जातो. पर्सिमनची फळं सोलून वाळायला वळचणीला टांगली आहेत (माकडांनी यंदा निम्मीच आमच्यासाठी ठेवली). मोतीबिंदू काढल्यापासून तुम्हाला लख्ख दिसतंय असं तुमच्या लेकीनं, मिसाकोनं कळवलं, फार बरं वाटलं. हे पत्र लांबणार आहे, तेव्हा डोळे चांगले असलेलेच बरे. माझा गुडघा आहे तसाच आहे, त्याची चौकशी केली नाहीत तरी चालेल, कारण विचारल्यावर मी सांगत बसतो.

आता मूळ विषय. तुम्ही नागोयाला गेल्यावर मी इथे मोठा माणूस झालो आहे. यंदा आपल्या वाडीच्या दहा घरांचा गटप्रमुख मीच, आणि 'जुनी नावे जतन मंडळा'चा अध्यक्षही मीच. मंडळात चौघं आहेत. एकाला ऐकू येत नाही, एक जण केवळ चहाबरोबरच्या तांदळाच्या बिस्किटांसाठी येतो, तिसरा माझ्याशी दर वेळी भांडतो आणि चौथा मी. पण काम मनापासून चालतं. चाळीस वर्षं टपाल वाटलं मी या खोऱ्यात. कुठल्या वळणाला काय म्हणतात, कुठल्या खाचराला काय, हे पायांना पाठ आहे. पलीकडच्या खोऱ्यात कचेरीनं जुनी नावं पुसून पहिला विभाग, दुसरा विभाग असं करून टाकलं. आता पूर कुठे आला होता हे सांगायचं तर तिथली माणसं बोटानं दाखवतात, आणि बोट काही फोनवरून दिसत नाही. तसं आपल्याकडे होऊ द्यायचं नाही, अशी मी मंडळात शपथच घेतली होती.

आणि झालं काय, तर ते माझ्याच हातून झालं. घरोघर फिरणारी सूचनांची पाटी तुम्हाला आठवत असेलच. अजून तीच पद्धत आहे. कागद पाटीला लावायचे, प्रत्येकानं वाचून आपल्या नावाचा शिक्का मारायचा आणि पाटी शेजारी द्यायची. (वाचून, असं नियमात आहे.) आपल्याकडे पाटी घरात एक रात्र राहिली तरी शेजारी काय म्हणतील या धाकानं माणूस आधी शिक्का मारतो, मग चपला शोधतो. सप्टेंबरच्या पाटीला सात कागद होते. मैला उपसणारी गाडी कधी येणार, अस्वल कुठे दिसलं, शाळेच्या मैदानावरचं गवत कुणी कापायचं, असेच. मधे कुठेतरी कचेरीचा एक कागद होता की जमिनीची नव्यानं मोजणी होते आहे, त्यात वरच्या उताराचं 'योमेनाकी' हे नाव बदलून 'हिकारिगाओका', म्हणजे उजेडाची टेकडी, असं करायचं आहे, हरकत नसल्यास शिक्का मारावा. गटप्रमुख म्हणून पहिला शिक्का माझा. सातही कागदांवर मी एका दमात मारला. पाठोपाठ नऊ घरांनी मारला. तीन दिवसांत पाटी परत. इतकी झपाट्यानं फिरली म्हणून मी सगळ्यांचं कौतुकसुद्धा केलं.

पंधरा दिवसांनी सभागृहात माझं व्याख्यान होतं. विषय, योमेनाकी: तीनशे वर्षांत न बदललेलं नाव. बावीस माणसं आली होती, म्हणजे गाव लोटलं होतं म्हणा ना. मी रंगात आलो होतो. कुठला करंटा हे नाव बदलायला निघेल त्याचं तोंड मला बघायचं आहे, असंही बोलून गेलो. तेव्हा कचेरीतली निशिगाकी नावाची मुलगी उठली, चारदा वाकली, माफ करा माफ करा म्हणाली आणि तिनं तो कागद माझ्यासमोर धरला. माझा शिक्का सगळ्यात वर, अगदी सरळ, एक रेघही न फाटलेला. वहिनी, इतका सुबक शिक्का मी जन्मात दुसरा मारलेला नाही. मी पाणी मागितलं.

पोरगी भली. व्याख्यान संपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाली, "काका, नाव जरा रडकं आहे म्हणून वरच्यांना बदलायचं होतं. तीस नोव्हेंबरपर्यंत हरकत घेता येते. नाव कसं पडलं ते लिहून द्या, त्यावर सगळ्या घरांची संमती आणा, मी स्वतः पुढे नेते." आता नाव कसं पडलं हे काय लिहायचं? सुनेला रडू फुटलं ती जागा, असं नावातच आहे. त्या उतारावरची त्रेचाळीस खाचरं एका दिवसात लावून ये, असं सासूनं सांगितलं आणि सून तिथे बसून रडली. हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मला वाटलं, दोन दिवसांचं काम आहे.

पण सून रडली म्हटलं की सासू आली, आणि सासू आली की घर आलं. शेजारचा इवाशिता म्हणाला, "आमच्याकडे सासवाच रडायच्या, हवं तर लिहून देतो. ती सून ओकुमांची." ओकुमा म्हणाला, "आमच्या आज्या देवमाणसं. तू निराच्या घरी विचार, त्यांच्याकडची भांडणं नदीपलीकडे ऐकू यायची." निरा म्हणाला की सून रडली ती वरून दिसणारं खोरं बघून आनंदानं. (त्या जागेवरून आमच्या संडासाचं छप्पर दिसतं.) कुणी शिक्का देईना. शेवटी मी सगळ्यांना चालेल असा मसुदा केला: 'फार पूर्वी, कुठल्यातरी घरच्या, एका सुनेला, काही कारणानं, थोडंसं वाईट वाटलं.' दहाही घरं खूश. निशिगाकीनं तो दोनदा वाचला आणि म्हणाली, "काका, एवढंच असेल तर हे नाव ठेवायचं कशाला?" मी मसुदा घडी करून खिशात घातला. घरी येऊन मी दोन दिवस कुणाशी बोललो नाही, आणि बोलायला घरात कुणी नसतं म्हणून ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

वाट दाखवली ती किनु आजींनी. ओकुमाची आई, त्र्याण्णव वर्षांची, तुम्हाला मुळ्याचं लोणचं द्यायची तीच. मी पुन्हा ओकुमाशी हुज्जत घालत बसलो होतो. आजी कोपऱ्यात भोपळा चिरत होती. म्हणाली, "गाढवांनो, एक सून एकदा रडली तर काय नाव पडतं होय? कुणी ना कुणी रोज रडायची म्हणून पडलं. मी रडले. पायाला जळवा, पोटात पोर आणि खालून सासूची हाक. लिही. माझं नाव घालून लिही." ओकुमा खालमानेनं चहा ढवळायला लागला. (आपल्या चहात ढवळण्यासारखं काही नसतं, हे तुम्हाला ठाऊक आहेच.)

मग जे सुरू झालं ते मला आवरेना. दुसऱ्या दिवशी इवाशिताची बायको स्वतः आली, की माझंही लिहून घ्या, सन अमुक, महिना तमुक, पाऊस होता. निराची आत्या बसनं दोन तास प्रवास करून आली. मेलेल्या सासवांच्या सासवांनी सांगितलेल्या गोष्टी पेटीतून काढाव्यात तशा बायकांनी काढल्या. पुरुष मंडळी ओसरीवर बसून पायांचे अंगठे बघत. आणि नवल म्हणजे बायका सांगताना रडल्या थोड्या, हसल्याच जास्त. निशिगाकी रविवारी घरी येऊन सगळं टिपून घेते. तिचं लग्न मार्चमध्ये आहे, ती जरा जास्तच मन लावून ऐकते असं मला वाटतं. दहापैकी नऊ घरांची पानं झाली, शिक्के झाले. इतके दिवस मी हे नाव जपत होतो ते जुनं आहे म्हणून. आता मला ते खरं आहे म्हणून हवं आहे. ते पुसलं तर एवढ्या बायका तिथे राबल्या, हे सांगणारं दुसरं काही उरत नाही. आपल्या घराचं पान मी सावकाश लिहीन. आपल्याकडे विशेष काही घडल्याचं मला आठवत नाही.

थंडी वाढते आहे, पायात मोजे घालत जा. मिसाकोला आशीर्वाद.

तुमचा धाकटा दीर,
किसाबुरो

ता. क. पत्राबरोबर पाठवायचे मश्रूम बांधताना लक्षात आलं की एक बारीकशी गोष्ट लिहायची राहिली. दादा गेल्यापासून ती त्रेचाळीस खाचरं कागदोपत्री तुमच्या नावावर आहेत. जमीन ज्याची त्याचा शिक्का नसेल तर अर्ज घेता येत नाही, असं निशिगाकी म्हणते. दहा घरांचे मिळाले तरी तुमच्यावाचून सगळं अडतं.

ता. क. दुसरा. विशेष काही आठवत नाही असं वर लिहिलं, ते खोटं आहे. तुमच्या लग्नानंतरच्या पहिल्या लावणीला तुम्ही ताप अंगात घेऊन उतारावरून खाली आलात, आणि आईनं अंगणातूनच तुम्हाला परत वर धाडलं. मी सोळा वर्षांचा होतो. ओसरीवर बसून भाताचे गोळे खात होतो. तुम्ही एकदा माझ्याकडे बघितलंत, आणि मी ताटात बघितलं. आपल्या घराचं पान मी कधीच लिहिलं आहे, त्यात हे सगळं आहे, माझ्या नावानिशी. माफी मागायला पंचावन्न वर्षं लावली याची वेगळी माफी मागतो.

ता. क. तिसरा. वाचून तुम्हाला असं वाटलं की ते नाव गेलेलंच बरं, तर तसं एका ओळीत कळवा. मी दहाही पानं बंबात घालीन आणि का ते कुणाला सांगणार नाही. पण ठेवावंसं वाटलं तर तीस तारखेच्या आत या. मी स्टेशनवर येतो. आणि तुम्ही तो उतार चढायचा नाही. कागद, शिक्क्याची शाई आणि बसायला गादी घेऊन मी उताराखाली, तुमच्यापाशी येतो.