घरचा मिक्सर

बडा गणपती, इंदूर
१८ नोव्हेंबर २०२४

चि. रघुवीर यास,

इकडे सगळं ठीक. तिकडे राऊ गावात घेतलेल्या नव्या फ्लॅटमध्ये तुम्ही दोघं मजेत असाल. वल्लरीला विचारलंय म्हणून सांग. तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितेय. पत्राला तरी ‘मीटिंग में हूँ’ म्हणून कापता येत नाही.

तू पाठवलेली फळांची टोकरी पोचली. वर कंपनीचं कार्ड होतं, ‘शीघ्र स्वस्थ हों’. ह्यांनी डाव्या हातानं सफरचंद कापून पाहिलं, जमलं नाही. मग सगळी फळं मी गल्लीतल्या गायीला घातली. तिनं कोणी पाठवली ते विचारलं नाही.

उजव्या हाताची चार बोटं गेली, अंगठा राहिला. डॉक्टर म्हणाले, नशीब. चौथ्या दिवशी तू कंपनीचा कागद घेऊन आलास, ‘सही जमत नसेल तर अंगठाही चालेल’ म्हणालास, तेव्हा नशीब कुणाचं ते कळलं.

कागदावर काय, तर घरी मिक्सरमध्ये हात गेला, कंपनीचा संबंध नाही. रघुवीर, आमचा मिक्सर तू पाहिलायस. शेंगदाण्याची चटणी करताना दोनदा बंद पडतो तो. त्यानं म्हणे तुझ्या सख्ख्या भावाची चार बोटं कापली! ह्यांच्याच कंपनीत सुपरवायझर झालास, पण खोटं बोलायची अक्कल काही आली नाही.

मी तो कागद फाडला. पण हॉस्पिटलच्या पेपरवरही मिक्सरच होता. मला वाटलं, तेही तूच सांगितलंस. ह्यांना विचारलं की हे भिंतीकडे तोंड करून झोपायचे.

बोलले ते बेबी येऊन गेली त्या दिवशी. ह्यांच्याच लाइनवरची बेबी, तुला माहीत आहे. म्हणाली, “भाभी, अब आटे की मशीन पे मैं हूँ.”

मी विचारलं, “हात आत जाऊ नये म्हणून काही जाळीबिळी लावली का?”

“कहाँ! रघू भिया बोले, चुन्नी सँभाल के काम करो, बस.”

ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला. ती गेल्यावर सगळं सांगितलं. जाळी होती, ती उघडली की कणीक मळायचं मशीन आपोआप थांबतं, आणि दिवाळीच्या ऑर्डरीत तुला मशीन थांबायला नको होतं, म्हणून तू ती काढायला लावलीस. हॉस्पिटलला नेताना गाडीत ह्यांचा हात टॉवेलमध्ये धरून तू रडत होतास, “दादा, मेरी नौकरी चली जाएगी.” आणि हे स्वतःच डॉक्टरांना म्हणाले, घरी झालं.

त्यांनी रक्त गळत असताना तुला वाचवलं. तू चौथ्या दिवशी कागद आणलास. वर त्याच मशीनवर बेबीला उभं केलंस.

दुसऱ्या दिवशी आम्ही कामगार कार्यालयात गेलो. साहेबांनी विचारलं, आधी खोटं का सांगितलंत? हे म्हणाले, “छोटा भाई सामने रो रहा था, साहब.” मी खाली बघितलं. लाज तुझी होती, पण तू तिथे नव्हतास.

शुक्रवारी इन्स्पेक्टर मशीन बंद करून गेले. ह्यांच्या भरपाईचा अर्जही दाखल झालाय. तक्रार कोणी केली म्हणून तू लाइनवर एकेकाला दम देतोयस, बेबीला काढायची भाषा करतोयस, असं ऐकलं. तिला सोड. तक्रार आम्ही केली, तुझ्या भावानं आणि मी. दम द्यायचा असेल तर पत्ता तुला माहीत आहे. पण समोर येऊन द्यायला हिंमत लागते, आणि ती तुझ्यात मी तरी कधी पाहिली नाही.

आता ह्यांचं एक वाक्य लिहायचंय. शेजारी बसून सांगताहेत, त्यांना लिहिता येत नाही ना.

‘रघू, सुनावणीत खरं बोल, मी तुझ्या बाजूला बसेन.’

एवढं वाक्य त्यांचं. बाकी सगळं पत्र माझं.

सुनीता
(वहिनी लिहिलेलं नाही, विसरले म्हणून नव्हे.)