साऱ्या ऑफिसाची आई

प्रिय आई,

तू नीट पोचलीस, गुडघा बरा आहे आणि आल्या आल्या मावशीच्या झाडांना पाणी घालायचं काम तू स्वतःकडे ओढून घेतलंस, हे सगळं मावशीनेच मला सांगितलं. तेव्हा ते विचारत बसत नाही. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू मध्येच 'जेवलीस का गं' म्हणतेस आणि माझा राग तिथेच विरघळतो. आज मला तो जपून ठेवायचा आहे. आमच्या ऑफिसातलं तुझं शिकाऊपण संपलं त्या दिवशी साहेबांनी तुला कायमची कामावर ये म्हणून सांगितलं. तू 'विचार करून सांगते' म्हणालीस आणि दुसऱ्याच दिवशी बॅग भरून निघालीस. तेव्हापासून ऑफिसात जो तो मला विचारत होता की आईंचं काय ठरलं. मला कुठे काय ठाऊक होतं? आणि खरं सांगू? तू नाही म्हणावंस असं मला फार वाटत होतं. चिडू नकोस, पुढे वाच.

शिवणाचं दुकान बंद केल्यावर तू हातावर हात धरून बसणार नाहीस, हे मला माहीत होतं. पण ग्राफिक आणि वेब डिझाइनच्या वर्गात नाव घालून येशील असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्यातून त्या वर्गाची तऱ्हा अशी की आठवड्यातला एक दिवस फळ्यासमोर आणि उरलेले दिवस खऱ्याखुऱ्या ऑफिसात, काम करता करता शिकायचं. ऑफिसं काय कमी होती? पण त्यांनी तुला नेमकं आमच्याकडे धाडलं. साहेब हसत हसत बाहेर आले आणि म्हणाले, तुमच्या हाताखाली दोन विद्यार्थिनी देतोय, एकीला तुम्ही ओळखता. दुसरी ती भिंगरी. खुर्चीवर बसली की गरागरा फिरते म्हणून आम्ही तिला हे नाव ठेवलं. वीस वर्षांची, घरापासून लांब वसतिगृहात राहणारी, आणि तुझ्याहून माझ्या डोक्याला जास्त ताप देणारी.

पहिल्या दिवशी बसस्टॉपवर मी तुला बजावलं होतं. ऑफिसात मला चिऊ म्हणायचं नाही, माझ्या लहानपणच्या गोष्टी सांगायच्या नाहीत, सगळ्यांसमोर माझी बट कानामागे सारायची नाही. तू मान डोलावून 'बरं मॅडम' म्हणालीस. मला वाटलं, थट्टा करतेस. पण तू ते मनावरच घेतलंस. मॅडम, ही फाइल कुठे ठेवू? मॅडम, माझा उंदीर हलेना झालाय. भिंगरी तुझी 'बाळा', प्रिंटरवाला 'राजा', साहेबसुद्धा आठवड्याभरात 'अरे बाबा' झाले, आणि तुझ्या पोटची मी तेवढी मॅडम! उलट ते सगळे तुला 'आई' म्हणायला लागले. कुणी कोपऱ्यातून 'आई' अशी हाक मारली की माझी मान आपोआप वर व्हायची. माझी आई ह्यांची कुठून झाली, असं प्रत्येक वेळी मनात यायचं. नियम मीच घातला होता, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करणार?

बरं, तू विद्यार्थिनी म्हणून फार हुशार होतीस असंही नाही. हे मी रागाने नाही, तुला शिकवणारी म्हणून सांगते. जिथे एकदा क्लिक करायचं तिथे तू दोनदा करायचीस, आणि जिथे दोनदा तिथे हात जोडून बसायचीस. फाइलींची नावं 'नवीन', 'नवीन खरी' आणि 'हीच ती' अशी ठेवायचीस. पासवर्ड टाइप करताना तोंडाने मोठ्याने म्हणायचीस, त्यामुळे तुझा पासवर्ड खालच्या मजल्यावरच्या औषधवाल्यालाही पाठ आहे. मी तुझ्यावर खेकसायचे तेव्हा भिंगरी माझ्याकडे अशी बघायची, जणू मी सासू आहे.

आणि मग तो 'माया' शब्द. छापील कामात रंग कागदाच्या अगदी कडेपर्यंत न्यायचा असेल, तर तो कापायच्या रेघेच्या थोडा बाहेर सोडावा लागतो, म्हणजे कापताना पातं इकडेतिकडे सरकलं तरी पांढरी फट दिसत नाही. त्याला आम्ही ब्लीड म्हणतो. मी तुम्हा दोघींना हे फळ्यावर आकृत्या काढून समजावत होते. भिंगरीच्या डोक्यात काही शिरत नव्हतं. तू चष्मा कपाळावर सारून म्हणालीस, 'अगं, शिवणीत माया सोडतो तसंच की. कापडाला कडेने जास्तीचं ठेवायचं.' झालं. भिंगरीला कळलं, साहेबांना आवडलं, आणि तेव्हापासून आमच्या ऑफिसात ब्लीड कुणी म्हणतच नाही. छपाईला फाइल जायच्या आधी सगळे एकमेकांना विचारतात, माया सोडलीस का? मी तुझ्या मशीनच्या खाली बसून, चिंध्यांशी खेळत लहान झाले. हा शब्द तुझ्या तोंडून मी ऐकला नसेल असा दिवस नसेल. मग इतकी वर्षं हे काम करताना तो मला का नाही सुचला? काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. त्या दिवशी डबा मी एकटीने खाल्ला, आठवतं? डोकं दुखतंय म्हणाले होते. डोकं नव्हतं दुखत. जळत होते मी.

म्हणून वेबसाइटवर तू घोळ घातलास तेव्हा मला जो आनंद झाला, तो सांगायची सोय नाही. त्या नृत्याच्या वर्गाचं पान तू केलंस आणि चित्राला चारही बाजूंनी छानपैकी माया सोडलीस. फोनवर उघडलं तर अख्खं पान डावीउजवीकडे झोके घेतंय. वेबला कात्री लागत नाही गं, तिथे जास्तीचं सोडलं तर ते नुसतं बाहेर लोंबतं. मी साहेबांना मुद्दाम बोलावून दाखवलं. मला वाटलं, आता तरी तुला दोन शब्द ऐकावे लागतील. पण ते पोट धरून हसले, म्हणाले, नृत्याचा वर्ग आहे, पान नाचतंय ते बरोबरच आहे. माझ्या पहिल्या वर्षी माझ्याकडून एक अक्षर सुटलं होतं तर हाच माणूस दिवसभर माझ्याशी बोलला नव्हता. तुझं ते पान मी संध्याकाळी बसून नीट केलं, आणि तू मागे उभी राहून सगळं लिहून घेतलंस. 'मॅडम, पुन्हा एकदा दाखवता का?' मी पुन्हा दाखवलं नाही. घरी जायची घाई आहे म्हणाले. घर तर आपलं एकच होतं, बरोबरच जायचं होतं.

आता कुलूपवाल्याचं बोलते, कारण ते बोलल्यावाचून मला राहवणार नाही. साहेबांनी त्याला त्याच्या वेबसाइटच्या पहिल्या पानाचे दोन नमुने दाखवायचे ठरवले, एक माझा आणि एक शिकाऊ म्हणून तुझा. माझा गडद निळा, त्यात हळूच फिरणारी किल्ली, नाजूक अक्षरं. तुझा पिवळा आणि जांभळा, मधोमध फोन नंबर इतका थोरला की रस्त्यापलीकडून वाचावा. शाळेच्या गॅदरिंगचा फलक वाटत होता तो. त्याने तुझा घेतला. का, तर त्याच्या गाडीचा रंग पिवळा आणि जांभळा आहे! आई, माझं काम तुझ्यापेक्षा चांगलं होतं. हे मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते, आणि साहेबांनी मला बाजूला घेऊन तेच सांगितलं. पण गिऱ्हाइकाच्या पसंतीपुढे कुणाचं चालतं?

तू माझ्यासमोर जराही मिरवलं नाहीस. गुपचूप बाथरूमकडे गेलीस. मी बेसिनवर हात धूत होते, दाराच्या मागून तुझा आवाज आला. तू मावशीला फोनवर सांगत होतीस, 'अगं, माझं घेतलं! माझं!' तुझा तो आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. एखादी शाळकरी पोर बोलत असावी तसा. मी नळ सोडून तशीच उभी राहिले. मला त्या पिवळ्याजांभळ्या पानाचा हेवा वाटला नाही गं, त्याला कोण विचारतंय. तुला काहीतरी पहिल्यांदा जमलं होतं, त्याचा हेवा वाटला. माझ्या हातून आता रोज कामं होतात, चांगली होतात, पैसे येतात, आणि कुणालाही फोन करून सांगावंसं वाटत नाही. कधी हे थांबलं, मला कळलंसुद्धा नाही.

आणि एक आठवण वर आली, तीही लिहून टाकते. माझं पहिलं पोस्टर छापून आलं तेव्हा मी ते गुंडाळी करून घरी आणलं होतं. शाळा सुरू व्हायचे दिवस, तुझ्यापुढे गणवेशांचा ढीग. तू म्हणालीस, ठेव तिथे, हात मोकळे झाले की बघते. हात काही मोकळे झाले नाहीत. पुढे त्याच पोस्टरच्या पाठीवर तू बाहीचा आकार आखलास आणि कापलास. कागद जाड आहे, बाही छान निघते, असं वर कौतुकही केलंस. तेव्हा मी हसले होते, आणि मला खरंच हसू आलं होतं. पण भिंगरीने साधं व्हिजिटिंग कार्ड केलं की तू खुर्ची ओढून 'बघू बघू' म्हणतेस, चष्मा पुसतेस, कोपरा न् कोपरा बघतेस, मग म्हणतेस, छान झालंय हो बाळा. ते ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. ती परकी पोर आहे, घरापासून लांब आहे, तिला कुणीतरी हवं आहे, हे मला कळतं. कळून काय उपयोग? मलाही हवं होतं की कुणीतरी.

तू मावशीकडे गेलीस तेव्हा मला हायसं वाटलं, हे कबूल करते. 'आई' अशी हाक नाही, डब्याभोवती गर्दी नाही, कुणाचा उंदीर अडकत नाही. मी माझ्या जागेवर राणीसारखी बसले. भिंगरी दिवसभर फिरली नाही, खुर्ची जागच्या जागी. प्रिंटरवाल्याने दोनदा विचारलं, आई कधी येणार. मी म्हटलं, ती नाही येणार बहुतेक, वय झालंय, जिने चढवत नाहीत तिला. बोलून गेले खरी, पण घरी आले तर स्वयंपाकघरात दिवा नव्हता, आणि दिवसभरात काय काय केलं ते सांगायला कुणी नव्हतं. आपण दोघी रोज बसमधून येताना त्या कुलूपवाल्याबद्दल, त्या रंगांबद्दल, अक्षरं किती जाड हवीत त्याबद्दल भांडत यायचो ना? मागच्या सीटवरचे लोक कान टवकारून ऐकायचे. इतकी वर्षं त्या ऑफिसात काढली, पण माझ्या कामाबद्दल घरी कुणाशी भांडता येतं, हे मला तू आल्यावर कळलं.

आता हे सगळं का लिहिलं ते सांगते. आज दुपारी साहेबांनी मला आत बोलावलं. तुझा फोन आला होता म्हणाले. गुडघा, जिने, घरची कामं असं सांगून तू नाही म्हणालीस. आणि शेवटी, मला सांगू नका असं बजावून, म्हणालीस, 'माझं काही चांगलं झालं की पोरीचा चेहरा उतरतो हो. दुसरं कुणी असतं तर भांडून जागा घेतली असती, पण पोटच्या पोरीशी कसली चढाओढ.' साहेबांच्या पोटात काही राहत नाही, तुला माहीत आहे. आई, तू सगळं बघत होतीस तर. मग हेही बघ. माझ्यासाठी तू आजवर काय काय सोडलंस, ते सोडताना मला कधी विचारलं नाहीस. हे एक मी सोडू देणार नाही. मी जळते, उद्याही जळेन, तुझं पुढचं काम कुणी पसंत केलं की पुन्हा डबा घेऊन कोपऱ्यात जाईन. ते माझं मी बघून घेईन, त्यावर फुंकर घालायला तू नोकरी सोडायची गरज नाही. साहेबांना मी तिथल्या तिथे सांगून टाकलं की तिचं काही ऐकू नका, ती सोमवारी कामावर येते आहे. मला खोटं पाडू नकोस. आणि आलीस की भिंगरीच्या शेजारी बसायचं नाही. माझ्या टेबलाला लावून मी दुसरी खुर्ची आणून ठेवली आहे, आणि तिच्यावर कुणाला बसू देत नाहीये.

तुझीच,
एकुलती एक